माझ्या डाव्या घोट्याचं कीर्तन

या, असे पुढे सरका. भिंतीला टेकून बसलात तर डोळा लागेल आणि दोष माझ्या सांगण्याला येईल. मी काही बुवा नव्हे, माझ्या गळ्यात वीणा नाही. पण आज सांगणार आहे ती गोष्ट माझ्याच पायावर घडलेली आहे, तेव्हा कान इकडे द्या. हसायला आलं तर खुशाल हसा.

तर त्या संध्याकाळी मी नऊ महिन्यांनी पहिल्यांदा चढाईला निघालो होतो. पेणजवळच्या आमच्या खारकोंड गावात शाळेमागे कबड्डीची मॅट अंथरलेली, कडेला पंच म्हणून निवृत्त माळी गुरुजी शिट्टी घेऊन उभे. मी मध्यरेषेला हात लावून कपाळाला लावला, ‘कबड्डी कबड्डी’ सुरू केलं आणि पलीकडे शिरलो. समोर डाव्या कोपऱ्यात रोहिदास, आमचा कॅप्टन. रोहिदासने घोटा पकडला की ट्रकच्या चाकाखाली पाय गेल्यासारखं वाटतं, असं अख्ख्या तालुक्यात बोललं जायचं. मी मुद्दाम डावा पाय लांब टाकला, अगदी त्याच्या हाताशी. घे, धर.

रोहिदास वाकला. त्याचे दोन्ही हात पुढे आले. आणि त्याने माझ्या पावलाला बोटं लावली, ती स्वतःच्या कपाळाला लावली आणि अदबीने बाजूला सरकून उभा राहिला.

माझा दमच तुटला.

“मोरेश्वर बाद,” गुरुजींनी शिट्टी मारली. “दम सोडला.”

“गुरुजी, हा नमस्कार करतोय!”

“नमस्कार करू नये असा कुठे नियम आहे?” गुरुजी म्हणाले. “दम सोडू नये असा मात्र आहे.”

“अरे रोहिदास, धर की पाय!”

“नाही रे बाबा,” त्याने कानाच्या पाळ्या पकडल्या. “बुवा बोललेत.”

बुवा काय बोलले होते ते सांगतो, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

आदल्या हंगामात एका सामन्यात उडी मारून निसटताना मी वेडावाकडा उतरलो आणि डाव्या घोट्याची बाहेरची दोरी तुटली. लिगामेंट म्हणतात ती. त्याआधी तीनदा मुरगळून ती विरलीच होती. पनवेलच्या डॉक्टरांनी माझ्याच मांडीमागची एक शीर काढली आणि घोट्यात ओवून बसवली. सहा आठवडे पाय जमिनीला लावला नाही. मग व्यायाम. तिथल्या फिजिओथेरपीच्या कर्णिक मॅडमनी मला एका पायावर उभं केलं, डळमळत्या फळीवर उभं केलं, डोळे मिटून उभं केलं, वर चेंडू फेकून मारले. मी सगळं केलं. कारण मी सत्तावीस वर्षांचा होतो आणि जिल्ह्याच्या निवड चाचणीची तारीख लागलेली होती. ही हुकली की पुढच्या वर्षी माझ्यासाठी कोण थांबणार?

नववा महिना लागला तेव्हा मॅडम म्हणाल्या, “पाय बरा झालाय. पण तुमच्या खेळात समोरचा माणूस नेमका घोटाच पकडतो. ती परीक्षा मी इथे घेऊ शकत नाही. सरावात दहा पकडी होऊ देत. खऱ्या, जोर लावून. मग चाचणीच्या कागदावर माझी सही घेऊन जा.”

“आणि नाही झाल्या तर?”

“तर सही नाही. पहिली पकड थेट चाचणीत झाली आणि तुम्ही घाबरून पाय आखडलात, की दुसरा पाय जाईल. मी असे पाहिलेत.”

त्याच आठवड्यात गावात सप्ताह बसला होता. आता माझं कसं आहे, कीर्तन म्हटलं की मला भूक लागत नाही. टाळ वाजला की मी जिथे असेन तिथून निघतो. शाळेत असताना एकदा गणिताच्या पेपरातून निघालो होतो. आणि हिराजीबुवा घरत म्हणजे तर आमच्या गावचेच, दिवसा भाजीच्या वाफ्यात आणि संध्याकाळी नारदाच्या गादीवर. आवाज असा, की देवळामागच्या खाडीतले बगळेसुद्धा मान वळवायचे. वय एकसष्ट, पण उभे राहिले की सरळ.

सप्ताहातल्या एका संध्याकाळी बुवांनी विषय घेतला देवाच्या चरणांचा. अर्धा तास सुंदर चालला. मग दृष्टांत हवा होता. बुवांची नजर फिरत फिरत माझ्यावर आली. मी पुढेच बसलो होतो, डावा पाय उशीवर.

“देवाचे चरण कुठे शोधता रे?” बुवा म्हणाले. “हा बघा आपला मोरेश्वर! देवाने दिलेली दोरी तुटली. देवाने दिलेली दुसरी दोरी तिथे जोडली. नऊ महिने या लेकराने त्या पायाची सेवा केली, आई पोटातल्या बाळाची करते तशी! असा पाय दिसला तर ओढू नका, पिळू नका. या पायाला हात लावायचा तर नमस्कारासाठीच लावा!”

मृदंग असा काही कडाडला, टाळ असे काही भिडले, की लोकांच्या डोळ्यांना धारा लागल्या. खोटं कशाला सांगू, मीही रडलो. स्वतःच्याच घोट्याकडे बघून रडलो.

रडणं तिथे संपलं. नमस्कार संपेनात.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात चार बायका. एकीच्या हातात हळदकुंकू. “पाय जरा पुढे कर रे मोरू.” मला वाटलं थट्टा आहे. थट्टा नव्हती. दहावीला बसलेली पोरं पेपराला जाताना वाकून जायला लागली. एकाने आजारी बोकड आणून पायाजवळ बसवला. बोकडाने माझा मोजा खाल्ला आणि त्याला बरं वाटलं, मग तर बोलायलाच नको. आईने डाव्या पायाला वेगळा टॉवेल काढला. मी खुर्चीत बसलो की डाव्या पायाखाली पाट यायचा. उजवा जमिनीवर. नऊ महिने सगळा भार ज्याने उचलला त्या उजव्याला कुणी विचारत नव्हतं.

“आई, हे थांबव,” मी म्हणालो.

“गादीवरून आलेला शब्द आहे,” ती म्हणाली. “मी कोण थांबवणारी? आणि पाय हलवू नकोस, उदबत्ती लागेल.”

मॅटवरही तेच. संघातले सहाही जण सप्ताहातले टाळकरी. बुवांच्या मागे उभं राहून टाळ वाजवणारे हात माझा घोटा कसे पिळणार? मी चिडून बघितलं, शिव्या देऊन बघितल्या. रोहिदासच्या बहिणीच्या लग्नातल्या मटणाला नावं ठेवून बघितलं. त्याचा चेहरा लाल झाला, दात आवळले, आणि तो खाली वाकून नमस्कार करून गेला. फक्त या वेळी जरा जोरात.

मॅडमच्या कागदावर मी रोज लिहीत होतो, पकडी शून्य.

शेवटी बोरवे गावचा संघ सरावाला बोलावला. खाडीपलीकडची दांडगी पोरं, कुणाची भीडभाड न ठेवणारी. मी मनात म्हटलं, आता धरतील. नाणेफेक झाली, पहिली चढाई माझी. ‘कबड्डी कबड्डी’ करत आत शिरलो तर सातही जण सरळ उभे. कोपऱ्यातला पहिला आला, वाकला, पाया पडला. त्याच्या मागे दुसरा. मग त्यांनी चक्क रांग लावली. बुवांचं कीर्तन त्या आठवड्यात बोरव्यातही झालं होतं, दृष्टांतासकट. मी दम न सोडता, घशाच्या शिरा ताणून ‘कबड्डी कबड्डी’ म्हणतोय आणि एकेक जण पाया पडतोय. शेवटचा तर माझ्या कानात “ताई बाळंत होऊ दे नीट” असं पुटपुटला. तिसावा सेकंद भरायच्या आत मी मागे येऊन रेषेला पाय लावला.

माळी गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, घातला.

“स्पर्श तो स्पर्श,” ते म्हणाले. “सातही बाद. सात गुण आणि लोणाचे दोन. खारकोंड नऊ, बोरवे शून्य.”

एका चढाईत सात गडी! तालुक्यात असं कुणी केलं नव्हतं. लोकांनी मला खांद्यावर घेतलं, अर्थात डावा पाय वर करून. आणि मी तिथे वर बसून, शप्पथ सांगतो, रडकुंडीला आलो. चाचणीला पाच दिवस उरले होते.

तसाच उठून बुवांकडे गेलो. बुवा ओटीवर वालाच्या शेंगा सोलत होते.

“बुवा, तुमचा शब्द मागे घ्या.”

“कुठला रे?”

“माझ्या पायाचा. कुणी पकडेना मला. मॅडम सही देईनात.”

बुवांनी शेंग सोलली, दाणे टोपलीत टाकले. “गादीवर बोललेलं ओटीवर बसून फिरवता येत नाही, मोरेश्वरा. गादीवरच फिरवावं लागतं.”

“मग पुढचं कीर्तन कधी?”

“एकादशीला.”

“चाचणी रविवारी आहे बुवा. एकादशी त्यानंतर चार दिवसांनी.”

त्यांनी पुढची शेंग उचलली. मग नजर वर न करता म्हणाले, “तो धरलाच पाहिजे का कुणी?”

“धरल्याशिवाय कसं कळणार टिकतो की नाही?”

“आणि तुटला तर?”

“तुटला तर तुटला. पण असा देव्हाऱ्यात ठेवून काय करू मी त्याचं?”

“तुझं ठीक आहे रे,” बुवा हळूच म्हणाले. “तुझा पाय आहे. धरणाऱ्याला काय वाटतं त्याचं?”

मला वाटलं, हे पुन्हा दृष्टांतावर चाललेत. मी म्हटलं, “बुवा, मला नमस्कार नकोत. मला खेळायचंय.”

त्यांनी मांडीवरच्या शेंगा बाजूला सारल्या. मग म्हणाले, “निमित्त शोध. निमित्ताशिवाय कीर्तन उभं राहत नाही. मी येतो.”

आता निमित्त कुठून आणायचं? रोहिदास आणि मी गाव पालथं घातलं. बारसं नाही, वास्तुशांत नाही. ऐंशीच्या घरातले दोन आजोबा होते, पण दोघेही ठणठणीत. आम्ही तब्येतीची चौकशी करायला गेलो तेव्हा त्यातल्या एकाने काठी उगारली. शेवटी गुरुजींच्या लक्षात आलं, की मॅट येऊन तीन महिने झाले तरी तिची पूजा झालेली नाही.

“शास्त्रात मॅटची पूजा आहे का?” रोहिदासने विचारलं.

“नाही,” गुरुजी म्हणाले. “पण तीन महिने पूजेवाचून खेळलोत, हा दोष नक्की आहे.”

शनिवारी पाच वाजता मॅटवर कीर्तन उभं राहिलं. पनवेलहून कर्णिक मॅडमना मीच बोलावलं होतं. कागद घेऊन त्या बायकांमध्ये बसल्या, कुणीतरी त्यांना बुक्का लावला. अख्खं गाव मॅटभोवती. चपला रेषेबाहेर. मधोमध बुवा, गळ्यात वीणा, मागे सहा टाळकरी म्हणजे आमचाच संघ, बाजूला मृदंग.

नमन झालं, भजन झालं. मग बुवा बोलायला लागले आणि थांबले. असे ते कधी थांबत नसत.

“मंडळी,” ते म्हणाले, “परवा मी गादीवरून एक वाक्य बोललो. ते देवाचं नव्हतं. माझं होतं. ते मागे घेतो.”

टाळ थांबले. लोक एकमेकांकडे बघायला लागले.

“पण तुम्ही ऐकायचे नाहीत,” बुवा म्हणाले. “मी ओळखतो तुम्हाला. म्हणाल, बुवा विनयाने बोलले. म्हणून आता सांगत नाही, करून दाखवतो. गुरुजी, इकडे या.”

वीणा खाली ठेवायची नसते. बुवांनी ती गुरुजींच्या गळ्यात दिली, दोघे एकमेकांच्या पाया पडले. गुरुजींच्या तोंडात शिट्टी तशीच होती. बुवांनी फेटा उतरवून माझ्या आईकडे दिला, उपरणं कमरेला आवळलं, धोतराचा काचा मारला आणि चालत चालत डाव्या कोपऱ्यात जाऊन उभे राहिले.

“मोरेश्वरा, ये. चढाई कर.”

“बुवा, तुम्ही...”

“भजन थांबवू नका रे!” त्यांनी मागे वळून टाळकऱ्यांना सांगितलं. “अर्ध्यावर तोडायचं नसतं.”

टाळ पुन्हा सुरू झाले. मृदंगवाला बिचारा गोंधळला, पण त्याने ठेका धरला. आणि मी, देवाशप्पथ, त्या ठेक्यातच ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत मध्यरेषा ओलांडली. समोर बघितलं आणि मला कळलं, की कोपऱ्यात म्हातारा माणूस उभा नाही. गुडघे दुमडलेले, टाचा उचललेल्या, हात सैल, नजर माझ्या पायावर नव्हे तर कमरेवर. हे उभं राहणं कीर्तनात शिकता येत नाही.

मी डावा पाय टाकला.

बुवा झेपावले. दोन्ही हातांची कडी घोट्याला अशी बसली, की माझे डोळे पांढरे झाले. मी रेषेकडे झुकलो, त्यांनी पाय आत ओढला, पाऊल आतल्या बाजूला वळलं. त्याच बाजूला. नऊ महिने ज्या कोनात वळायला माझं मन तयार नव्हतं, त्याच कोनात. आत काहीतरी ताणलं गेलं, ताणलं गेलं आणि धरून राहिलं. तुटलं नाही. मी आणखी जोर लावला. बुवा पोटावर घसरत माझ्या मागे आले, धोतराची पर्वा नाही, कशाची नाही. रेषा हातभर राहिली असेल. तेवढ्यात रोहिदासचा बांध फुटला. टाळ हातात तसेच ठेवून त्याने माझ्या कमरेला मिठी मारली, बाकीचे पाच त्याच्यावर पडले, आणि सगळे टाळ माझ्या पाठीत एकदम वाजले.

गुरुजींनी गळ्यातली वीणा सांभाळत शिट्टी मारली. “मोरेश्वर बाद!”

गावाने हरिनामाचा जो गजर केला, तसा मी बाद झाल्यावर कधीच कुणी केला नव्हता. मी मॅटवर पालथा पडून हसत होतो. पोरं उठली, बाजूला झाली. घोटा मात्र सुटेना.

“बुवा, शिट्टी झाली.”

ते पालथेच होते, गाल मॅटला टेकलेला. “दुखतंय का?”

“नाही.”

“खरं सांग.”

“खरंच नाही, बुवा.”

“उभा राहून दाखव.”

“तुम्ही सोडलात तर राहीन ना.”

त्यांनी सोडला नाही. भोवती टाळ्या आणि गजर चालला होता, त्यामुळे पुढचं फक्त मला ऐकू आलं.

“रोह्याकडचा दामाजी ठाकूर,” ते म्हणाले. “मी बावीस वर्षांचा होतो. असाच धरला होता. आतून आवाज आला, मला ऐकू आला. माझ्या हाताला कळलं. तरी मी सोडला नाही, कारण शिट्टी झाली नव्हती. तेव्हा कुठलं ऑपरेशन न् कुठलं काय. तो पुन्हा खेळला नाही. सरळ चाललाही नाही कधी. मी खेळ सोडला, टाळ घेतला. चाळीस वर्षं चरणांवर कीर्तन करतोय, मोरेश्वरा, आणि त्याचं नाव घ्यायला जीभ उचलत नाही. म्हणून त्या दिवशी तुझं घेतलं.”

मग त्यांची बोटं एकेक करून सुटली. मी उभा राहिलो. डाव्या पायावर, एकट्या डाव्यावर. मॅडम शिकवायच्या तसा, डोळे मिटून. मनात तीस आकडे मोजून डोळे उघडले तेव्हा बुवा उठून बसले होते आणि मुलासारखे रडत होते.

त्यानंतर अंधार पडायच्या आत बाकीच्यांनी मला नऊ वेळा पाडलं. रोहिदासने तर बहिणीच्या लग्नातल्या मटणाचा हिशेब चुकता केला. मॅडमनी मृदंगावर कागद ठेवून सही केली आणि मग बुवांचं सुजलेलं मनगट हातात घेऊन म्हणाल्या, “सहा आठवडे टाळ बंद.” रविवारी जिल्ह्याच्या संघात माझी निवड झाली, राखीव म्हणून. दोन हंगाम खेळलो. नंतर कितीदा पकडला गेलो त्याची मोजदाद नाही.

पण त्या शनिवारी कीर्तन अर्ध्यावर होतं, ते पुरं करायचं होतं. बुवांनी दुखऱ्या हाताने वीणा परत गळ्यात घेतली, चुरगळलेल्या धोतराने गादीवर उभे राहिले आणि सगळ्या गावासमोर ते नाव मोठ्याने घेतलं. एकदा. मग पुन्हा एकदा, नीट.

आता बुवा नाहीत. जाण्याआधी माझ्याजवळ म्हणाले होते, माझी आठवण नाही काढलीस तरी चालेल, त्याची मात्र काढ. तेव्हा मंडळी, तुमच्याकडे एवढंच मागतो. उद्या कुठेही कबड्डी बघायला उभे राहिलात, आणि कुणाचा घोटा कोपऱ्यात अडकला, आणि तुम्ही ओरडायला तोंड उघडलंत, तर त्याआधी एक क्षण रोह्याकडच्या दामाजी ठाकुरांची आठवण काढा.